पहिलं गाणं देवाचं

बदलापूर पूर्वेला, शिरगावात, एका सोसायटीच्या बागेत काळ्या दगडाचा बाक आहे. बाकाच्या पाठीवर माझ्या मोठ्या बहिणीचं नाव कोरलं आहे. त्याखाली, तिच्या मुलाच्या वतीने, ‘आईचं सर्वात आवडतं गाणं’ असं लिहून पुढे एका भजनाची पहिली ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाव बरोबर आहे. बाकी सगळं खोटं आहे. हे खोटं माझ्या अक्षरावरून वाचून तिथे कोरलं गेलं, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा’ असं सुचवलं होतं. गमती येतील तशा येतील. मुळात मी सावकाश लिहिणारा माणूस. सावकाश लिहिलं की राग निवतो असं मला वाटत असे. या वेळी तसं झालेलं नाही.

धंदा असा. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये परसूसेठचं कॅसेटचं दुकान होतं आणि मी तिथे सत्तावीस वर्षं कॅसेटी भरल्या. आम्ही ‘रेकॉर्डिंग’ हा शब्द पाटीवर लिहीत असू, बोलताना ‘भरणं’च म्हणत असू, पिठाचा डबा भरावा तसं. गिऱ्हाईक आपल्या आवडीच्या गाण्यांची चिठ्ठी आणायचं. मी ती गाणी दुकानातल्या तबकड्या आणि कॅसेटी धुंडाळून काढायचो आणि एका कोऱ्या कॅसेटवर ओळीने उतरवायचो. हे कायद्यात बसत नव्हतं. तेव्हाही ठाऊक होतं, पण गल्लीत सगळेच करत होते आणि आम्हीही करत होतो. त्याचं समर्थन आज करणार नाही.

तासाभराची कॅसेट भरायला तासच लागतो. मशीन चालू करून दिलं की गाणं संपेपर्यंत नुसतं बसायचं. त्या बसण्यात मी वाचनालयाची बहुतेक कपाटं वाचून काढली. मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस कॅसेटी भरतो म्हणून नातेवाईक हळहळायचे. मला पुस्तक आणि पंखा मिळत होता. मी खूश होतो.

या कामात दोन नियम होते. पहिला परसूसेठचा. प्रत्येक कॅसेटचं पहिलं गाणं देवाचं. गिऱ्हाइकाने मागितलेलं नसलं तरी. मराठी गिऱ्हाईक असेल तर गणपतीचं एक ठरलेलं भजन, सिंधी असेल तर झूलेलालचं. भजनाचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही गुणगुणायला लागाल. सेठची पक्की समजूत होती की देवाच्या गाण्याने सुरू झालेली टेप मशीनमध्ये अडकत नाही. अडकायच्याच. मी एकदा तसं म्हणालो, तर सेठ म्हणाला, “भगवान नहीं होता ना वसंत, तो पूरी मशीन जल जाती.”

दुसरा नियम धंद्याचा होता आणि तो मला जास्त पवित्र वाटायचा. गाणं मध्येच कापायचं नाही. प्रत्येक गाण्याची मिनिटं आधी कागदावर मांडायची, बेरीज करायची, शेवटी जागा उरली तर एखादी छोटी धून घालायची. पण एक बाजू संपताना गायक ओळीच्या मध्ये गुदमरला असं माझ्या हातून कधी होऊ दिलं नाही. दुसरी दुकानं सर्रास कापायची. आमच्याकडे लोक लांबून यायचे ते याचसाठी. सत्तावीस वर्षांत मी एकच गाणं कापलं. ते कोणाचं, ते पुढे येईल.

चिठ्ठ्यांवरून माणूस कळतो, असं मी थोड्याच दिवसांत म्हणायला लागलो. चूक होती. चिठ्ठीवरून कळतं ते माणसाला आपण कसं दिसावं असं वाटतं ते. खरा माणूस खोडलेल्या ओळींत असतो. मी खोडलेलं आधी वाचायचो.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतले एक फोरमन होते. निवृत्त होणार होते. कंपनीत निरोपाच्या दिवशी चहापाण्याच्या वेळी माणसाच्या आवडीची गाणी लावायची पद्धत होती, त्यासाठी चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीत सगळी भक्तिगीतं आणि एक देशभक्तीचं. पण कागद पातळ होता आणि त्यातून पाठीमागची पेन्सिलीने लिहिलेली दुसरीच यादी दिसत होती. दोन लावण्या, हॉटेलातल्या नाचांची चार हिंदी गाणी, एक दारूवरचं.

“साहेब, मागची पण घ्यायची का?” मी विचारलं.

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, “मागची माझी आहेत हो. पुढची निरोपाची.”

“मग मागचीच निरोपाला लावू या की.”

“वेडे का तुम्ही? जनरल मॅनेजर असणार. शोभतं का?” मग चिठ्ठी उलटी करून, “असं करा. दोन भरा. दुसरीच्या कार्डावर नावं नकोत. कोरंच ठेवा.”

मी दोन भरल्या. कोऱ्या कार्डाच्या कॅसेटलाही सेठच्या नियमाप्रमाणे पहिलं गणपतीचं भजन. फोरमन आठवड्याने परत आले आणि हळूच म्हणाले, “ते भजन झाल्यावर एकदम लावणी येते हो. दचकायला होतं.” आम्ही दोघं हसलो. आज वाटतं, हसण्यासारखं काही नव्हतं. चौतीस वर्षं एका ठिकाणी काम केलेल्या माणसाला शेवटच्या दिवशीही स्वतःचं गाणं कोऱ्या कार्डात लपवून न्यावं लागलं.

‘शोभतं का’ हा प्रश्न मी त्या काउंटरवर इतक्या वेळा ऐकला की मला त्याची चीड यायला लागली. विधवेने प्रेमाचं गाणं मागितलं की बरोबरची जाऊ म्हणायची, शोभतं का? शाळामास्तर नाचाचं गाणं खोडायचे. जणू गाणी ही अंगावरचे कपडे आणि कॅसेट म्हणजे चारचौघांत काढायचा फोटो.

दुसरी आठवण माझ्या लाजेची आहे. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई दुकानात आली. डोक्यावरची करवंदांची पाटी रिकामी झाली होती. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील’. ते तिने कोणाकडून तरी वाचून घेतलं असावं.

“दादा, गानं भरून देता ना?”

“देतो. कोणतं?”

“माज्या आयचं. जात्यावरचं.”

“कोणत्या कंपनीच्या कॅसेटमधलं?”

“कंपनीचं नाय. मला येतं. मी म्हन्ते, तू भर.”

दुकानातले तिघे-चौघे हसले. सेठ हसला. मीही हसलो, आवाज न करता, सुशिक्षित माणसासारखा. म्हटलं, “बाई, इथे बाजारात आलेलीच गाणी भरतात. तुमचं गाणं भरून ऐकणार कोण?”

तिने माझ्याकडे मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं पाहिलं. म्हणाली, “कोन म्हंजे? मीच.”

आणि पाटी उचलून गेली.

संध्याकाळी ही गंमत मी आक्काला सांगितली. आक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला. कॅम्प एकमध्येच बराकीतल्या एका खोलीत ती मुलगा नितीनला घेऊन राहायची. जीन्सच्या कारखान्यांतून शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणायची. ढिगाऱ्यात बसून दिवसभर कात्री चालायची आणि शेजारी टेपरेकॉर्डर. तिच्या सगळ्या कॅसेटी मीच भरलेल्या, एकूण अकरा. सगळ्यांत पहिलं अर्थातच भजन. ते लागलं रे लागलं की कात्रीच्या टोकाने बटण दाबून ती टेप पुढे पळवायची. “तुझा देव पळवते हं वश्या,” म्हणायची, “तुझ्या सेठला सांगू नकोस.” देवाशी तिचं भांडण नव्हतं. देव्हाऱ्यातल्या गणपतीला रोज फूल असायचं. ते भजन तिला रडकं वाटायचं, बस.

तर पाड्यावरच्या बाईची गोष्ट ऐकून आक्का हसली नाही. कात्री थांबली.

“माईक होता ना रे तुझ्याकडे?”

“होता. लग्नाच्या अनाउन्समेंटचा.”

“मग?”

“सेठ म्हणाला असता...”

“सेठचं नाव नको सांगूस. तिला बरोबर कळलं होतं. ‘आपल्या आवडीची’ लिहिलंय ना? की ‘बाजारात आलेल्या’ लिहिलंय?”

तिने कात्री खाली ठेवली. मग ती म्हणाली, “माझं भर. मलाही एक भरायचंय.”

कोणतं ते मला विचारावं लागलं नाही. बराकीत आजूबाजूला सगळी सिंधी घरं. साड्यांना फॉल लावून द्यायला आक्का त्यांच्या लग्नघरांत जायची आणि तिथे बायका ढोलक घेऊन लग्नाची गाणी म्हणायच्या, त्यांना लाडा म्हणतात. आक्का ती ऐकून ऐकून शिकली. तिचे उच्चार ऐकून त्या बायका हसून लोळायच्या आणि मग तिलाच म्हणायला लावायच्या. त्यातला एक लाडा नवऱ्या मुलाच्या बहिणीने म्हणायचा. माझ्या लग्नात, बदलापूरला हळदीच्या दिवशी, आक्काने स्टीलचं ताट घेऊन तो सुरू केला होता. दोन ओळी झाल्या असतील. आमचे थोरले काका उठून आले. “अगं ए, सिंधिणींची गाणी आपल्या मांडवात कशाला? त्यात तू अशी. शोभतं का?” ‘अशी’ म्हणजे विधवा. आक्काने ताट खाली ठेवलं. मी हळद लावून पाटावर बसलो होतो. एक शब्द बोललो असतो तर काका गप्प बसले असते, नवऱ्या मुलाचं त्या दिवशी सगळे ऐकतात. मी बोललो नाही.

हेच गाणं तिला भरायचं होतं.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असे. तेव्हा तिला बोलावलं. तिने आपली चिठ्ठी आणली होती, बारा गाणी, आणि शेवटी स्वतःचं. मी मिनिटांची बेरीज केली. भजन धरून गाणी बसत होती, पण तिच्या लाड्याला जागा पुरत नव्हती. जवळजवळ दोन मिनिटं कमी.

“नव्वदची कॅसेट लाव ना मग.”

“आक्का, नव्वदची टेप पातळ असते. तुझं मशीन ती चावून टाकेल.”

“बाराच्या बारा गाणी मला हवीत. मग तुझा देव काढ. पाच मिनिटं तोच खातोय.”

“ती सेठची पद्धत आहे गं.”

“सेठ जेवायला गेलाय.”

“तरी.”

तिने माझ्याकडे बघितलं. “देवाला राग येत नाही रे वश्या. तुझ्या सेठला येतो. आणि तुला सेठची भीती वाटते.” मग खुर्ची ओढून माईकसमोर बसली. “बरं, लाव. भराभर म्हणते.”

भराभर म्हणणं तिला जमलं नाही. तिने डोळे मिटले आणि गाणं आपल्या चालीने चालू लागलं. हाताशी ताट नव्हतं म्हणून काउंटरच्या काचेवर बोटं वाजवत होती. मी कॅसेटच्या खिडकीतून टेपचं तपकिरी चाक बारीक बारीक होताना बघत होतो. तिला खूण करता आली असती. नाही केली. खट् आवाज झाला आणि मशीन बंद पडलं. तिला कळलं नाही. ती डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणत राहिली. म्हणजे तिचं पूर्ण गाणं त्या दुपारी मी एकट्याने ऐकलं. ऐकलं म्हणायलाही तोंड नाही. टेप संपल्याचं हिला सांगायचं कसं, या विचारात मी होतो आणि पुढचे शब्द कानांवरून गेले.

सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “किती आलं?”

“अर्ध्याहून जास्त आलंय.”

“असू दे. मला मध्येच गप्प करायची सवयच आहे आपल्या घराला.” हसत म्हणाली. तिचं हसणं खरं होतं, म्हणून मलाही त्याचं फार वाटलं नाही. पुढच्या वेळी पूर्ण भरू, असं म्हणालो. पुढची वेळ आली नाही, म्हणजे मी आणली नाही.

कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, त्याचा मला अभिमान होता. त्या कार्डावर पहिल्या ओळीत भजन लिहिलं. मग बारा गाणी. आणि शेवटी, आक्काच्या लाड्यापाशी पेन अडलं. त्याला नाव नव्हतं, गायिका म्हणून कोणाचं नाव लिहिणार? मी लिहिलं, ‘इतर’.

पुढे सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह, मग काहीच नको झालं. परसूसेठ गेला. त्याच्या मुलांनी दुकानात मोबाइलची कव्हरं लावली आणि मी घरी आलो. आक्का नितीनबरोबर शिरगावच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. टेपरेकॉर्डर भंगारात गेला, कॅसेटी तिने पेटीत ठेवल्या. नितीन चांगला मुलगा आहे, हे इथेच लिहून ठेवतो. त्याने आईला फोन घेऊन दिला, त्यात गाणी लावून दिली. एकदा ती मला म्हणाली, “हा फोन मला रोज भजनंच ऐकवतो रे. म्हणे याला कळतं आपल्याला काय आवडतं. म्हातारी आहे हे कोणी सांगितलं त्याला?” मी हसलो. मी फार वेळा हसलो आहे.

गेल्या वर्षी आक्का गेली. दमा होताच. सतत धाग्यांच्या धुळीत बसणाऱ्या बाईला आणखी काय होणार?

तेराव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये लोक जमले होते. पेटीतल्या अकराही कॅसेटी आक्काच्या फोटोशेजारी मांडल्या होत्या, माझ्या अक्षरातली कार्डं सगळ्यांना दिसतील अशा. वाजवायला घरात यंत्र नव्हतं, तेव्हा नितीनने कार्डंच वाचली होती. माईक हातात घेऊन तो म्हणाला, “आईच्या कॅसेटी बघताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक कॅसेटमधलं पहिलं गाणं एकच आहे. म्हणजे बघा, आईची किती श्रद्धा असेल. हे तिचं सर्वात आवडतं गाणं.” आणि फोनवरून ते रडकं भजन लावलं. लोकांनी डोळे मिटले. शेजारची बाई मला म्हणाली, “काय भाग्यवान हो, देवाचंच नाव ओठांवर.”

मी काय केलं? काहीच नाही. हात जोडून बसून राहिलो. मुलगा रडत होता, त्याला चारचौघांत कसं थांबवायचं, असं मनाशी म्हणालो. मला मनाशी म्हणायला नेहमी काहीतरी सापडतं.

मग वर्षश्राद्धाच्या पंधरा दिवस आधी नितीनचा फोन आला. “मामा, आईच्या नावाने बागेत बाक बसवतोय. ग्रॅनाइटचा. तिचं आवडतं गाणं कोरणार आहे त्यावर. पहिली ओळ तुम्ही एकदा बघून घ्या, ऱ्हस्व-दीर्घ.”

त्या रात्री जेवलो नाही. फोनमधलं गाणं पुसता येतं, दगडावरचं पुसता येत नाही. माळ्यावरचा माझा जुना कॅसेट डेक काढला, त्याचा पट्टा बदलला, स्पिरिटने हेड पुसलं आणि रविवारी सकाळी शिरगावला गेलो. पेटीतली ती कॅसेट मागून घेतली. नितीन आणि त्याची बायको श्वेता समोर बसली.

भजन लागलं. स्वच्छ, खणखणीत.

“बघा ना मामा, किती क्लिअर आहे अजून,” नितीन म्हणाला. “देवाची कृपा.”

“कृपा नाही. क्लिअर आहे, कारण तिने ते ऐकलंच नाही.”

“म्हणजे?”

मी समजावून सांगितलं. टेप वाजताना हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, घासते. शंभर वेळा वाजली की आवाज दबतो, हजार वेळा वाजली की जागोजागी गळतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कॅसेटींत पहिलं गाणं सगळ्यात जास्त झिजलेलं असायचं, कारण लोक लावतात आणि मध्येच उठून जातात. पळवली तर टेप हेडपासून लांब असते, झिजत नाही. “आता पुढचं ऐक,” म्हटलं. पुढचं गाणं गोधडीआडून यावं तसं आलं. त्यापुढचं त्याहून. नितीनने मान खाली घातली. मग मी दुसरी बाजू लावून शेवटपर्यंत पळवली.

खरखर, बोटांचा ठेका, आणि आक्का. आवाज मध्येच बुडत होता, वर येत होता. एका ठिकाणी टेप तुटून जोडलेली होती, तिथे अर्धा शब्द गायब. एवढं झिजलेलं गाणं मी माझ्या सगळ्या धंद्यात ऐकलेलं नाही. तिने ते किती वेळा लावलं असेल? आणि मग ओळीच्या मध्येच, खट्.

“आई सिंधी गायच्या?” श्वेताने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

नितीन म्हणाला, “मामा, हे मी जपून ठेवीन. फोनमध्ये पण घेईन. पण बाकावर कसं लावणार? सोसायटीतली माणसं काय म्हणतील? श्राद्धाला लग्नाचं गाणं, ते पण सिंधी. शोभतं का?”

काकांचा आवाज मला त्याच्या तोंडून ऐकू आला. या मुलाला काका आठवतही नसतील.

“आणि तसंही,” तो खाली बघत म्हणाला, “दगड शुक्रवारीच कोरून झालाय. तुम्ही फोनवर काही बोलला नाहीत. आणि तुम्हीच तर लिहिलंय ना कार्डावर, पहिलं भजन. हे गाणं आईचं होतं, तर त्याचं नाव का नाही लिहिलंत?”

मी आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. “मग ‘इतर’ कोर! ‘इतर’ कोर तिच्या बाकावर! तेवढंच दिलंय आपण सगळ्यांनी तिला!” चहा आणि कॅसेट तिथेच ठेवून, डेक काखेत मारून निघून आलो. वाटेत लक्षात आलं, ओरडलो ते नितीनवर नव्हतं. पण ऐकून घेतलं त्याने.

वर्षश्राद्धाला गेलो नाही. बाक बसला. त्यानंतर चार दिवसांनी संध्याकाळी एकटाच बघायला गेलो. दगड चांगला आहे, अक्षर कोरणाऱ्याने काम नेटकं केलंय, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. रागाने काय करावं सुचेना, म्हणून त्या ओळीला पाठ लावून बसलो. बसल्यावर बरं वाटलं. पाठीमागे ओळ झाकली होती. मान वळवून पाहिलं तर पूर्ण नव्हती, ओळ लांब आहे आणि माझी पाठ अरुंद. अर्धं भजन डाव्या बाजूला उघडंच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जातो. उजवीकडे बसतो, पुस्तक उघडतो. येणारे-जाणारे ओळखायला लागले आहेत. एका आजोबांनी विचारलं, “बहिणीच्या आठवणीत बसता वाटतं?” म्हटलं, “भांडायला बसतो.” त्यांना ती गंमत वाटली.

मागच्या आठवड्यात नितीन कामावरून येताना फाटकातून आत वळला. त्या रविवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. खांद्यावरची बॅग त्याने जमिनीवर ठेवली. मी सरकलो नाही. तो बाकाच्या मागे गेला, थोडा वेळ उभा राहिला, काय बघत होता ते मला दिसलं नाही. मग पुढे येऊन माझ्या डावीकडे बसला आणि नीट मागे टेकला. त्याची पाठ बापासारखी रुंद आहे.

बऱ्याच वेळाने तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागला. उच्चार सगळे चुकत होते. आक्काचा लाडा आहे हे मला कळायला क्षणभर लागलं. कुणाकडून तरी यंत्र मिळवून फोनमध्ये घेतलेलं दिसतंय. मी बोटांनी दगडावर ठेका धरला. जिथे टेप संपते तिथे तो थांबला.

“पुढे काय आहे, मामा? तुम्ही तर समोर होता.”

“होतो,” मी म्हटलं. “ऐकत नव्हतो.”

तो उठेल असं वाटलं. उठला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसलो, ओळ पुरती झाकून.